दुबईच्या मत्स्यालयात बघितलेले पाकट ओळखून द्या की ओ (फोटो सहा, शेपटी एकाचीच)

तिसरं_गेट (बेळगाव) · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत दुबईला भावाकडं जाऊन आलो. तिथं एका मॉलमध्येच मोठं मत्स्यालय आहे, काचेच्या बोगद्यातून चालत जायचं. लेक सातवीत आहे. सगळी पोरं शार्कमागं पळत होती, ही मात्र चपट्या माशांपुढं, म्हणजे पाकटांपुढं, अर्धा तास उभी. हलायचं नाव नाही. आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला त्याचाच तक्ता करालीय. सहा फोटो चिकटवले आणि सहाहीखाली लिहिलं "स्टिंग रे". बाई म्हणाल्या, अगं जातीची नावं घाल.

नावं तिथं स्क्रीनवर फिरत होती, खोटं कशाला बोलू. पण नाव आलं की मासा पुढं गेलेला, आणि मासा आला की स्क्रीनवर कासव.

पहिल्या फोटोतला तपकिरी, गोल, अंगभर नारिंगी डोळे डोळे. दुसरा काळाकुट्ट, पांढरे ठिपके. हे दोघं नदीच्या माशांच्या वेगळ्या टाकीत होते. तिसरा निळ्या ठिपक्यांचा, अर्धा वाळूत गेलेला. चौथा बोगद्याजवळचा, परातीपेक्षा मोठा, अंगावर जाळीसारखी नक्षी. पाचवा काचेला चिकटून हसालाय. सहावा पुढनं चपटा आणि मागनं शार्क, त्याचं मला काही कळेना. जाणकारांनी मदत करावी. मुदत पुढच्या सोमवारपर्यंत.

---

मलप्रभाकाठ (खानापूर) · शनिवार, रात्री ९.५८

पाचवा आमच्या मामांसारखा दिसतोय. लग्नात पंगतीला बसले की अगदी असंच तोंड.

बाकी ज्ञान शून्य. धागा वाचत राहणार.

---

टाकीतला_मासा (शहापूर, बेळगाव) · शनिवार, रात्री १०.१५

दादा, पहिला मोटोरो. पैजेवर सांगतो. पूर्ण नाव पोटामोट्रायगॉन मोटोरो, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला. नारिंगी-पिवळा ठिपका आणि त्याला काळं कडं, ही त्याची खूण. शोभेच्या माशांच्या धंद्यात सगळ्यात जास्त विकला जातो तो हाच. आठ वर्षांमागं मी स्वतः एक आणला होता. दुकानदारानं "टीकप" म्हणून दिला, म्हणजे चहाच्या कपाएवढा. तो कप काही कप राहिना. दीड वर्षात जेवणाच्या ताटाएवढा झाला, चार फुटी टाकीत वळायला जागा नाही. रोज कोळंबी आणि गांडुळं, दोन दिवस पाणी बदललं नाही की अंगाच्या कडा वर वळवून बसायचा. शेवटी मोठी टाकी असलेल्या एका ओळखीच्याला देऊन टाकला. ती जात पन्नास सेंटीमीटर रुंद होते, हे दुकानदार विकताना सांगत नाही.

दुसरा पोटामोट्रायगॉन लिओपोल्डी. काळा, पांढरे ठिपके, आणखी कोण असणार? ब्राझीलच्या शिंगू नदीतला. बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्या नावावरून नाव पडलंय. महाग मासा.

---

निवृत्त_जीवशास्त्र (निपाणी) · शनिवार, रात्री ११.०५

कन्येचं कौतुक सांगा. शार्क सोडून पाकट बघत उभं राहणारं मूल विरळा.

फोटो बघितले. छान आहेत, पण एक तक्रार आहे. तुम्ही सगळ्यांचे चेहरे टिपलेत. माणसाचा चेहरा बघून माणूस ओळखतो, म्हणून आपण माशाचाही चेहरा टिपायला जातो. पाकट ओळखायचा असेल तर पहिल्यांदा शेपूट बघायची. चाबकासारखी लांब आहे की आखूड जाड आहे, तिच्या खालच्या बाजूला पातळ पडदा आहे का, असला तर कुठपर्यंत जातो, पट्टे आहेत का. मग अंगाची चकती, म्हणजे गोल आहे, लांबट अंडाकृती आहे की पतंगासारखी कोनांची आहे. रंग आणि ठिपके सगळ्यात शेवटी. ठिपक्यांवर भरवसा ठेवला की माणूस फसतो.

तुमच्या सहा फोटोंत पूर्ण शेपूट एकाच माशाची दिसते, आणि तो पाकटच नाही. सहावा. त्याच्याबद्दल सकाळी लिहितो, डोळे थकले.

---

माहेर_मालवण (कॅम्प, बेळगाव) · रविवार, सकाळी ७.२०

सरांनी शेपटीचं लिहिलं आणि हसू आलं. आमच्याकडे ह्याला वागळी म्हणतात. वागळीचं तिखलं माझ्या आईच्या हातचं खाल्लं नसेल त्यानं मासे खाल्लेच नाहीत असं मी म्हणते, भांडा हवं तर. पण बेळगावला लग्न होऊन आल्यापासून इथल्या बाजारात मी वागळी शेपटीसकट बघितली नाही. जाळ्यात आली की होडीवरच खलाशी शेपूट तोडतात, काट्याची भीती. मग आंबोली किंवा चोर्ला घाटातून गाडी येईपर्यंत नुसतं चपटं अंग. मोठी असली तर तुकडेच.

मग सर, बाजारातली वागळी कुठल्या जातीची हे कधी कळणारच नाही म्हणा की.

---

निवृत्त_जीवशास्त्र · रविवार, सकाळी ८.४५

ताई, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. बाजारात मासळीची पाहणी करणाऱ्यांचीही हीच अडचण होते. शेपूट गेली की निम्मी ओळख गेली.

आता सहावा. त्याला दोन मोठे पाठीवरचे पर आहेत, शेपटीला शार्कसारखा पंखा आहे, आणि डोकं पाचरीसारखं पुढं निमुळतं आहे. हा रिंकोबॅटस गणातला मासा. पाकटाचा लांबचा नातेवाईक म्हणा, पण ह्याच्या शेपटीवर विषारी काटा नसतो, त्यामुळे स्टिंग रे हे नाव त्याला शोभत नाही. मग शार्क का नाही? शार्कच्या कल्ल्यांच्या फटी मानेच्या बाजूला असतात, ह्याच्या पोटाखाली. ही एक खूण लक्षात ठेवली की कधी चूक होत नाही. फटी बाजूला असतील तर शार्क, खाली असतील तर पाकटाचं गणगोत.

तक्त्यात ह्याला वेगळी चौकट द्या. ह्या कुळातल्या बहुतेक जाती परांच्या व्यापारापायी नष्ट व्हायच्या बेतात आहेत. २०१९ मध्ये सगळ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या जागतिक कराराखाली, आणला गेला. आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ह्यातली एक जात २००१ पासून आहे.

---

हिडकल_डॅम · रविवार, सकाळी ९.३०

शार्कवरून आठवलं. मागं एकदा मैदानावर बोगद्याचं मासे प्रदर्शन आलतं, नाव घेत नाही. आत "शार्क" म्हणून मोठा फलक. पोराला खांद्यावर घेऊन गर्दीत घुसलो. बघतोय तर मिशावाला मासा! मी म्हटलं ओ, शार्कला मिशा कवापासून? पोरगं म्हणालं, पप्पा म्हातारा शार्क असंल.

---

टाकीतला_मासा · रविवार, सकाळी ९.४१

तो पंगस. आमच्या धंद्यात त्याच्या पिल्लांना "शार्क" म्हणूनच विकतात. जात मागुराच्या गणगोतातली. त्या प्रदर्शनवाल्याचं एकट्याचं नाही, सगळीकडं असंच.

---

मलप्रभाकाठ · रविवार, सकाळी १०.१०

एक भाबडा प्रश्न. नदीतले पाकट असतात म्हणालासा. मग आमच्या मलप्रभेत का नाहीत? कणकुंबीपासून खाली खानापूरपर्यंत सगळे डोह पालथे घातलेत लहानपणी. मरळ मिळाला, खेकडे मिळाले, एकदा चप्पल पण मिळाली. चपटा मासा कधी नाही.

---

निवृत्त_जीवशास्त्र · रविवार, दुपारी १२.००

भाबडा नाही, चांगला प्रश्न आहे.

पाकट मुळात समुद्राचे. समुद्रातले पाकट रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी तोल राखतात. दक्षिण अमेरिकेतलं पोटामोट्रायगॉनचं कुळ कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रापासून तुटून नद्यांत कायमचं वसलं, आणि युरिया साठवायची ती सोयच त्यांनी गमावली. आता त्यांना समुद्रात सोडलं तर जगणार नाहीत. म्हणून दुबईच्या मत्स्यालयातही त्यांची टाकी वेगळी होती. तिसऱ्या-चौथ्याशेजारी पहिला-दुसरा ठेवता येत नाही.

आशियात नदीत राहणारे मोठे पाकट आहेत. २०२२ च्या जूनमध्ये कंबोडियात मेकाँग नदीत तीनशे किलोचा एक पाकट सापडला, नाकापासून शेपटीपर्यंत जवळजवळ चार मीटर. गोड्या पाण्यात आजवर नोंदलेला तो सगळ्यात जड मासा. त्याला खूणपट्टी लावून परत सोडला. आपल्याकडं गंगेतल्या पाकटाला कायद्याचं संरक्षण आहे.

मलप्रभा कृष्णेला मिळते आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. एवढं अंतर, मध्ये धरणं. कणकुंबीच्या डोहात पाकट चढून येणार कुठून? तुमच्याच तालुक्यातली म्हादई मात्र गोव्याकडं उतरते. तिच्या खाली खाडीच्या तोंडाशी शोधलात तर गोष्ट वेगळी, कारण समुद्रातले काही पाकट खाडीत शिरतात.

---

मलप्रभाकाठ · रविवार, दुपारी १२.०८

म्हणजे चुकीच्या नदीत बुड्या मारल्या की आम्ही. तीनशे किलो! जेसीबीच लावायला पाहिजे.

---

चिकोडीचा_वाटसरू · रविवार, दुपारी १.३०

दुसऱ्या फोटोबद्दल जरा वेगळं मत. टाकीतला_मासा, राग मानू नका. लिओपोल्डी म्हणालात, पण फोटो मोठा करून कडा बघा. लिओपोल्डीच्या अंगाच्या अगदी कडेला ठिपके नसतात, काळी झालर राहते. ह्याचे ठिपके पार टोकापर्यंत गेलेत, कडेला बारीक बारीक होत. मला हेनली वाटतोय. पोटामोट्रायगॉन हेनली, टोकांटिन्स नदीतला. रंगही तितका काळा नाही, तपकिरीकडं झुकतोय.

---

टाकीतला_मासा · रविवार, दुपारी १.५२

टाकीतल्या दिव्यानं रंग बदलतो. त्यावरून काय सांगता येत नाही. काळं दिसालंय ते काळंच हाय.

---

चिकोडीचा_वाटसरू · रविवार, दुपारी २.०५

रंग सोडा. कडा?

---

टाकीतला_मासा · रविवार, दुपारी २.४०

बघालोय.

---

टाकीतला_मासा · रविवार, दुपारी ३.२५

बघितलं. डाव्या कडेला ठिपके आहेत. उजवी कड अंधारात आहे. पोट दिसलं असतं तर निकाल लागला असता, लिओपोल्डीचं पोट बरंचसं काळपट असतं, हेनलीचं मधे पांढरं. पोट नाही, त्यामुळं तुम्ही म्हणता ते धरून चालू. पण एक सांगून ठेवतो. ह्या दोघांचा संकर करून "ब्लॅक डायमंड" वगैरे नावानं विकणारे आग्नेय आशियात ढिगानं आहेत. असला मासा कुणाच्याही पुस्तकात बसत नाही. म्हणून "हेनली किंवा त्याचा संकर" असं लिहा.

आणि कुणी हे वाचून पाळायच्या नादात असेल त्यानं ऐका. २०२३ पासून लिओपोल्डी, हेनली आणि आणखी काही जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आपल्या देशात असले प्राणी घरी असतील तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. दुकानदार हेही सांगत नाही.

---

तिसरं_गेट · रविवार, संध्याकाळी ६.१५

अरे बापरे, मी दुपारी झोपलो आणि इकडं महायुद्ध होऊन गेलं. सगळ्यांचे आभार. लेक शेजारी बसून वाचालीय. तिचे तीन प्रश्न, जसेच्या तसे:

पाचवा हसतोय तो कोण?

काटा कुठं असतो आणि लागला तर माणूस मरतो का?

तक्त्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही नावं लिहायची आहेत. कन्नडमध्ये काय म्हणतात?

---

निवृत्त_जीवशास्त्र · रविवार, संध्याकाळी ७.३०

बाळ, तो हसत नाही आणि ते त्याचे डोळेही नव्हेत. तू त्याचं पोट बघते आहेस. डोळ्यांसारखी दिसतात त्या नाकपुड्या, त्याखाली तोंड. खरे डोळे वर पाठीवर आहेत, म्हणजे तो स्वतः काय खातोय ते त्याला दिसतच नाही. वाळूतला खेकडा तो वासानं आणि विजेनं हुडकतो. प्रत्येक सजीवाच्या स्नायूंतून अगदी क्षीण वीज निघते, ती ओळखणारी छिद्रं त्याच्या तोंडाभोवती असतात. तोंडाखाली दोन्ही बाजूंना पाच-पाच फटी दिसतात ना? ते कल्ले. वाळूत बसला की तोंडानं पाणी घेता येत नाही, म्हणून डोळ्यांमागच्या दोन भोकांतून घेतो.

जात मात्र मी सांगू शकत नाही. पांढरं पोट पन्नास जातींचं असतं. पण एक नक्की सांगतो. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बोटासारखे दोन अवयव लोंबतायत, म्हणजे हा नर आहे. तक्त्यावर "नर पाकट, जात अनिश्चित" असं लिही. अनिश्चित लिहायला लाजायचं नाही.

---

माहेर_मालवण · रविवार, रात्री ८.१०

काट्याचं मी सांगते. शेपटीच्या टोकाला नाही, मधे किंवा मुळाकडे असतो, वरच्या बाजूनं. करवतीसारखे दाते, उलटे. आत गेला की बाहेर येताना मांस फाडत येतो. माझ्या काकांना गुडघाभर पाण्यात पाय टाकताना घोट्याला लागला होता. मोठा माणूस, लहान पोरासारखा रडत होता. घरात आणून आजीनं बादलीत सोसेल एवढं गरम पाणी घातलं आणि तासभर पाय त्यात ठेवायला लावला. दुखणं उतरलं. मग दवाखाना.

मला तेव्हा वाटायचं ही म्हातारीची अंधश्रद्धा.

---

निवृत्त_जीवशास्त्र · रविवार, रात्री ८.३५

आजींचं शास्त्र पक्कं होतं. विष प्रथिनांचं असतं, उष्णतेनं नासतं. डॉक्टरही आधी हेच करतात, साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा ते दीड तास. भाजेल इतकं गरम नाही. काट्याचा तुकडा आत राहू शकतो म्हणून नंतर दवाखाना हवाच, आणि काटा छातीत-पोटात घुसला असेल तर उपटायचा नाही.

मरण क्वचित येतं. २००६ च्या सप्टेंबरमध्ये टीव्हीवर प्राण्यांचे कार्यक्रम करणारे ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन गेले ते छातीत काटा घुसल्यामुळे, म्हणून ते जगभर गाजलं. पाकट आपणहून अंगावर येत नाही. पाय पडला तर मारतो. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाललं की तो आधीच निघून जातो.

---

हिडकल_डॅम · रविवार, रात्री ९.००

कन्नडमध्ये तोरके. किनाऱ्याकडचे लोक तोरके मीनु म्हणतात, माझा मंगळूरचा रूममेट होता. आमच्या हुक्केरीकडं कुणाला विचारलं तर कन्नडमध्येही "एन री अदु?" (काय ओ ते?) एवढंच उत्तर मिळंल.

---

तिसरं_गेट · रविवार, रात्री ९.२०

पाकट, वागळी, तोरके. झालं, लिहून घेतलं. आता तिसरा आणि चौथा राहिले. भावाला सांगितलंय, तो सुट्टीला परत जाऊन शेपटीचे फोटो काढणार आहे. त्याची बायको म्हणाली, तिकीट काढून कोण माशाच्या शेपट्या बघायला जातंय.

---

निवृत्त_जीवशास्त्र · सोमवार, सकाळी ७.१०

वहिनींची माफी मागतो, पण शेपटी हवीच. भावाला नेमकं काय बघायचं ते कळवा.

निळ्या ठिपक्यांचे पाकट म्हणजे मुख्यतः दोन घराणी. एक टीनिउरा लिम्मा. अंग लांबट अंडाकृती, ठिपके अगदी झगझगीत निळे, आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंनी निळ्या रेघा. दुसरं नियोट्रायगॉन. अंगाला कोन असतात, डोळ्यांवरून काळसर पट्टा जातो, मुखवटा घातल्यासारखा, आणि शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. दुसऱ्या घराण्याला वर्षानुवर्षं सगळीकडं एकाच नावानं ओळखत होते, नियोट्रायगॉन कुहली. नंतर कळलं की त्या एका नावाखाली बऱ्याच जाती दडल्यात. २०१८ मध्ये आपल्याकडच्या माशाला नवं नाव मिळालं, नियोट्रायगॉन इंडिका. म्हणजे जुन्या पुस्तकातलं नाव टिपून घेतलंत तरी चुकू शकतं.

तुमच्या फोटोत अंगाचा निम्मा भाग वाळूत आहे. मुखवटा मला दिसत नाही, पण दिसत नाही म्हणजे नाही असं होत नाही.

चौथ्यासाठी पाठीचा मधला भाग वरून हवा. बोगद्यातून पोटच दिसणार. वरच्या मजल्यावर काच असेल तर तिथून.

---

टाकीतला_मासा · सोमवार, दुपारी १.१५

चौथा हिमांतुरा उआर्नाक. जाळीची नक्षी म्हणजे तोच. सर एवढं कशाला ताणालासा?

---

निवृत्त_जीवशास्त्र · सोमवार, दुपारी ४.४०

कारण परवा रात्री तुम्हीच कड न बघता लिओपोल्डी म्हणाला होतात.

चेष्टा करतोय. पण मुद्दा तोच आहे. उआर्नाकची नक्षी दाट, बारीक, मधाच्या पोळ्यासारखी. हिमांतुरा लेओपार्डा म्हणून दुसरी जात आहे, तिच्या पाठीवर बिबट्यासारखी मोठी, तुटक कड्यांची वर्तुळं. ती २००८ मध्ये वेगळी म्हणून जाहीर झाली, त्याआधी कित्येक ठिकाणी ती उआर्नाकच्याच नावावर खपत होती. शिवाय उंडुलाटा आहे. आणि ह्या सगळ्यांची पिल्लं साधी ठिपक्यांची असतात, वाढताना नक्षी बदलते. एका धूसर फोटोवरून मी "हिमांतुरा" ह्यापुढं जाणार नाही.

---

टाकीतला_मासा · सोमवार, संध्याकाळी ५.०२

मान्य. सर शाळेत असता तर मी नापास झालो असतो.

---

तिसरं_गेट · शनिवार, रात्री १०.५०

भाऊ जाऊन आला! वहिनीही गेली, आणि अर्धे फोटो तिनंच काढलेत. नवीन फोटो जोडलेत, ७ ते ११.

तिसऱ्याची शेपटी स्वच्छ आलीय. दोन्ही बाजूंना निळी रेघ, पार लांबवर. पट्टे नाहीत. आज तो वाळूतून बाहेर आलेला, अंग लांबट गोल.

चौथ्याची गंमत म्हणजे तो एक नाहीच. वरच्या काचेतून बघितलं तर दोन आहेत. एकाची नक्षी मोठी मोठी, मधे तपकिरी आणि बाहेर काळे तुकडे. दुसऱ्याची बारीक, जवळजवळ. आम्ही दोघांना एकच समजत होतो. दोघांच्याही शेपट्या अंगापेक्षा बऱ्याच लांब, काट्यापुढं काळे-पांढरे पट्टे, खाली पडदा नाही.

११ नंबरचा वहिनीला आवडला म्हणून काढलाय. काळा, पांढरे ठिपके, पण पंखांनी उडाल्यासारखा पोहतो, तोंड बदकासारखं.

---

निवृत्त_जीवशास्त्र · रविवार, सकाळी ६.३०

वहिनींना नमस्कार कळवा. इतके कामाचे फोटो मला कॉलेजात असताना कुणी दिले नाहीत.

तिसरा टीनिउरा लिम्मा, निःशंक.

मोठ्या वर्तुळांचा हिमांतुरा लेओपार्डा. लिहा बिनधास्त. बारीक नक्षीचा उआर्नाक असण्याची शक्यता जास्त, पण तो आकारानं लहान आहे, आणि वाढत्या वयाचा लेओपार्डाही मधल्या टप्प्यावर असा दिसू शकतो. त्याच्याखाली नुसतं हिमांतुरा लिहा. टाकीतला_मासा, चालेल ना?

अकरावा एटोबॅटस ऑसेलॅटस, ठिपक्यांचा गरुड पाकट. जुन्या फलकांवर नारिनारी नाव असतं, पण २०१० पासून ते नाव अटलांटिकमधल्या माशापुरतं ठेवलंय. अर्थात मत्स्यालयानं अटलांटिकमधून आणला असेल तर गोष्ट वेगळी. त्यालाही काटा असतो, शेपटीच्या अगदी मुळाशी.

---

टाकीतला_मासा · रविवार, सकाळी ८.१५

चालेल की ओ. आता मीच शेपट्या बघत सुटलोय. काल एका दुकानात गेलो, मालक म्हणाला घेणार आहेस का नुसता वाकून बघतोयस.

---

माहेर_मालवण · रविवार, सकाळी ९.०५

सर! आत्ता बाजारातून आले. नेहमीच्या मावशीकडे आज टोपलीत तीन लहान वागळ्या, आणि शेपटीसकट! काटा तेवढा मोडून काढलाय. ताटलीएवढं अंग, साधा तपकिरी रंग, एकही ठिपका नाही. शेपूट आखूडच आहे, अंगाहून फार लांब नाही. फोटो टाकलाय, मावशीचा हात आलाय त्यात, तेवढा सोडून बघा. मी एक घेतली, बाकी दोन गेल्या.

---

निवृत्त_जीवशास्त्र · रविवार, सकाळी ९.२०

ब्रेव्हिट्रायगॉन वाटतोय. नावातच आखूड आहे. आपल्या किनाऱ्यावर हे लहान पाकट भरपूर मिळतात. पण त्यातही जवळच्या जाती आहेत. चिरू नका अजून! पाठीच्या मधल्या खवल्यांचा जवळून एक फोटो, शेजारी मोजपट्टी, आणि शेपटीची लांबी अंगाच्या रुंदीच्या किती पट ते.

---

माहेर_मालवण · रविवार, सकाळी ९.४८

सर, मसाला लावून झाला.

---

तिसरं_गेट · रविवार, सकाळी १०.०२

ताई, लेक मागं लागलीय, पुढच्या रविवारी तिला बाजारात यायचंय. मोजपट्टी आणि वही घेऊन. तक्ता उद्या द्यायचाच आहे, पण ती म्हणते खाली एक चौकट रिकामी सोडते, "बेळगावच्या बाजारातला". मावशी मोजू देतील का? आणि किती वाजता यायचं?

---

माहेर_मालवण · रविवार, सकाळी १०.१०

सातच्या आत या. साडेसातला तुकडे करायला घेतात.